लारावेलमध्ये ४१९ पेज एक्स्पायर्ड परत परत येतोय? आधी टोकन बघा, मग बाकीचं

लारावेलवर, म्हणजे पीएचपीच्या ह्या वेब फ्रेमवर्कवर, काम करणाऱ्याला हा एरर भेटला नाही असं होत नाही. फॉर्म भरला, सबमिट दाबलं आणि कोऱ्या पानावर मधोमध ४१९ पेज एक्स्पायर्ड. बरं लॉग उघडून बघावा तर तिथे काहीच नाही, कारण टोकन मिसमॅचची एक्सेप्शन लारावेल मुद्दामच लॉगमध्ये टाकत नाही, न नोंदवायच्या यादीत ती आधीपासूनच बसलेली आहे. मग माणूस गूगल करतो, तिथे कॅशे क्लिअर करा, स्टोरेज फोल्डरला ७७७ परमिशन द्या, ब्राउझरच्या कुकीज उडवा, नाहीतर तो राउट सीएसआरएफच्या (परक्या साईटवरून आलेले खोटे फॉर्म अडवणारी तपासणी) एक्सेप्ट लिस्टमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, टाका असली उत्तरं सापडतात, त्यातलं एखादं केल्यावर एरर जातो, सगळे खुश, आणि पुढच्या डिप्लॉयला क्लायंटचा परत फोन, "अहो ते पेज एक्स्पायर्ड परत यायला लागलंय."

परत येतो कारण त्याच्यामागे डझनभर वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यातलं आपलं कुठलं हे न बघताच उपाय चालू होतात. ४१९ हा कोड तसा एचटीटीपीच्या अधिकृत यादीतसुद्धा नाही, लारावेलने स्वतःच्या सोयीसाठी घेतलाय (चारसोवीसला एक कमी, वागणूकही तशीच). तो एवढंच सांगतो की ब्राउझरकडून आलेलं टोकन आणि सेशनमध्ये ठेवलेलं टोकन जुळलं नाही. का जुळलं नाही हे तो सांगत नाही, ते आपल्यालाच शोधायचंय.

आतमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. तुम्ही पहिल्यांदा पान उघडलं की लारावेल एक सेशन (त्या ब्राउझरची ओळख लक्षात ठेवणारी नोंद) बनवतं, त्यात ४० अक्षरांचं एक रँडम टोकन ठेवतं, आणि सेशनचा आयडी एनक्रिप्ट करून कुकीत घालून ब्राउझरला देतं. फॉर्ममध्ये @सीएसआरएफ लिहिलं की तेच टोकन एका हिडन इनपुटमध्ये छापलं जातं, त्याचं नाव _टोकन. फॉर्म पोस्ट झाला की मिडलवेअर (रिक्वेस्ट कंट्रोलरकडे जायच्या आधी वाटेत तपासणारा कोड) कुकीवरून सेशन शोधतं, त्यातलं टोकन आणि फॉर्मातलं टोकन ताडून बघतं. म्हणजे दोन गोष्टी परत यायला पाहिजेत, एक कुकी आणि एक टोकन. लोकांचं सगळं लक्ष टोकनवर असतं, फॉर्ममध्ये @सीएसआरएफ आहे ना, आहे, मग का येतोय, आणि बऱ्याचदा गडबड कुकीची असते.

आधी ही एक टेस्ट करा

कोड लिहायची गरज नाही. फॉर्मचं पान उघडा, व्ह्यू सोर्स करा, हिडन इनपुटमधल्या टोकनची पहिली पाच-सहा अक्षरं बघून ठेवा. पान रिफ्रेश करा, परत बघा. मग इनकॉग्निटोमध्ये तेच पान उघडा आणि तिथलं टोकन बघा.

प्रत्येक रिफ्रेशला टोकन बदलत असेल तर सेशन टिकतच नाहीये, @सीएसआरएफकडे बघण्यात अर्थ नाही. रिफ्रेशला टोकन तेच राहतंय पण सबमिटला ४१९ येतोय तर सेशन ठीक आहे, पोस्टच्या वाटेवर काहीतरी हरवतंय. आणि इनकॉग्निटोमध्येसुद्धा अक्षरन् अक्षर तेच टोकन दिसलं तर पान लारावेलकडून येतच नाहीये, मधल्या कुठल्यातरी कॅशेतून येतंय. एवढ्यावर निम्मं काम होतं.

इथे एक फसगत होते ती आधीच सांगतो. बरेच जण डेव्हटूल्समध्ये जाऊन सेशनच्या कुकीची व्हॅल्यू बघतात, ती प्रत्येक रिस्पॉन्सला बदललेली दिसते आणि मग "सेशन बदलतंय, सेशन बदलतंय" म्हणून भलतीकडेच शोध सुरू होतो. ती बदलणारच. सेशन आयडी तोच असला तरी प्रत्येक वेळी नव्याने एनक्रिप्ट होतो, त्यामुळे बाहेरून दिसणारी अक्षरं वेगळी. कुकी फक्त आहे की नाही एवढंच बघा, व्हॅल्यू ताडायची असेल तर टोकनची ताडा.

टोकन दर रिफ्रेशला बदलतंय

इथे डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब लागेल. पानाच्या रिस्पॉन्स हेडर्समध्ये सेट-कुकी आहे का बघा, आणि पुढच्या रिक्वेस्टमध्ये ती कुकी परत जातेय का बघा.

सेट-कुकी आहे पण कुकी परत जात नाही, हा सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार. क्रोम त्या सेट-कुकीच्या शेजारी छोटा पिवळा त्रिकोण दाखवतो, त्याच्यावर माउस नेला की कुकी का नाकारली हे सरळ लिहिलेलं असतं, आणि तरी तिथे कोणी बघत नाही. कारणं ठरलेली आहेत. प्रॉडक्शनची ईएनव्ही फाईल (सेटिंग्जची फाईल) लोकलला कॉपी केली आणि त्यात सेशन_सिक्युअर_कुकी ट्रू आहे, मग घरच्या वायफायवर मोबाईलवरून १९२.१६८ वाल्या पत्त्याने साध्या एचटीटीपीवर उघडलं की ब्राउझर कुकी नाकारतो. किंवा सेशन_डोमेनमध्ये एक नाव आणि तुम्ही उघडताय १२७.०.०.१ ने. सेशन_डोमेनमध्ये पुढे एचटीटीपीएस लावून अख्खी युआरएल टाकलेलीही पाहिली आहे मी, तिथे फक्त डोमेन पाहिजे, आणि सबडोमेनची भानगड नसेल तर ते रिकामंच सोडा.

आता तुम्ही ईएनव्हीमध्ये हे दुरुस्त करता आणि काहीच फरक पडत नाही, कारण सर्व्हरवर कॉन्फिग कॅशे केलेलं आहे. एकदा पीएचपी आर्टिसन कॉन्फिग:कॅशे चालवलं की लारावेल ईएनव्ही फाईल वाचतच नाही, जे कॅशेत गेलं तेच खरं. त्यामुळे ईएनव्हीला हात लावला की कॉन्फिग:कॅशे परत चालवायचंच. आणि ह्याच्याच पोटात कोडिंगची एक सवय दडलेली आहे, कंट्रोलर, मॉडेल, ब्लेड असं कुठेही थेट ईएनव्ही() फंक्शन वापरू नका, ते फक्त कॉन्फिग फोल्डरमधल्या फाईलीत वापरायचं आणि बाकी सगळीकडे कॉन्फिग(). कॉन्फिग कॅशे झालं की बाहेरच्या ईएनव्ही() कॉलला नल मिळतं, लोकलला कॅशे नसल्यामुळे सगळं गुळगुळीत चालतं आणि लाईव्हला गेल्यावर मात्र पेमेंटची की नल, एसएमएसची की नल, असा सगळा तमाशा.

"कॅशे क्लिअर केल्यावर जातो" ह्याचं गूढही बऱ्याचदा इथेच असतं. ऑप्टिमाइझ:क्लिअरने जुनं कॉन्फिग उडतं आणि ईएनव्ही नव्याने वाचली जाते. म्हणजे चूक कॉन्फिगची होती, क्लिअर करण्यात काही जादू नव्हती.

लोकलला दोन प्रोजेक्ट शेजारी शेजारी चालवणाऱ्यांसाठी एक खास. एक ८००० पोर्टवर, दुसरा ८००१ वर. आपल्याला वाटतं पोर्ट वेगळा म्हणजे सगळं वेगळं, पण कुकीला पोर्ट कळत नाही, तिला फक्त लोकलहोस्ट दिसतं. लारावेल कुकीचं नाव ॲप_नेमवरून बनवतं, आणि ते बदलायचे कष्ट कोण घेतं, दोन्हीकडे ॲप_नेम लारावेलच. मग एका प्रोजेक्टने दिलेली कुकी दुसऱ्याला उलगडत नाही कारण ॲप_की (एनक्रिप्ट करायची चावी) वेगळी, तो नवीन सेशन बनवून आपली कुकी वर चढवतो, आणि दोघं आलटून पालटून एकमेकांना लॉगआउट करत बसतात. प्रोजेक्ट बनवल्या बनवल्या ॲप_नेम बदला, झालं. स्टेजिंग आणि लाईव्ह एकाच मुख्य डोमेनच्या सबडोमेनवर असतील आणि सेशन_डोमेन पुढे टिंब देऊन मोकळं ठेवलं असेल तर तिथेही हेच होतं.

सेट-कुकीच नाहीये, हा जास्त छळणारा प्रकार. पान व्यवस्थित दिसतं, एरर नाही, लॉग नाही, पण कुकी पाठवलीच जात नाही. असं झालं की मी पहिल्यांदा बघतो ते पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगच्या आधी काही सांडलंय का. कोणीतरी होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमधून राउट फाईल एडिट केली, वर एक रिकामी ओळ राहिली, किंवा विंडोजवरच्या एखाद्या एडिटरने फाईल बीओएमसकट (सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेसकट) सेव्ह केली, किंवा हेल्पर फाईलच्या शेवटी पीएचपीचा बंद करणारा टॅग आहे आणि त्याच्या खाली दोन एंटर. तेवढं आउटपुट बाहेर पडलं की हेडर्स निघून गेलेले असतात, आणि लारावेलच्या पोटातला सिम्फनीचा रिस्पॉन्स हेडर्स आधीच गेलेत असं दिसलं की गुपचूप पुढे जातो, कुकी लावत नाही, बोंबही मारत नाही.

आणि ह्यात "माझ्या मशीनवर तर चालतंय" का होतं तेही बघण्यासारखं आहे. पीएचपीसोबत येणाऱ्या तयार आयएनआय फाईलींमध्ये आउटपुट_बफरिंग ४०९६ असतं, त्यामुळे ती सांडलेली ओळ बफरमध्ये थांबते आणि हेडर्स नीट जातात. पण आयएनआय फाईलच नसेल तर पीएचपीचा मूळ डिफॉल्ट शून्य. डॉकरच्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये पीएचपी.आयएनआय बनवून ठेवलेली नसते, ती आपणच कॉपी करायची असते. म्हणून तोच कोड लॅपटॉपवर मस्त आणि कंटेनरमध्ये गेला की ४१९. शोधायचं कसं, तर एक तात्पुरता राउट लिहा आणि त्यात हेडर्स_सेंट() ला दोन व्हेरिएबल द्या, ते फंक्शन आउटपुट कुठल्या फाईलीत कुठल्या ओळीवर सुरू झालं ते सांगून टाकतं. पीएसआर-१२ ह्या पीएचपी कोडिंगच्या नियमावलीत नुसत्या पीएचपीच्या फाईलीत बंद करणारा टॅग लिहू नका असं सांगितलंय, ते असल्याच भानगडींसाठी उपयोगी पडतं.

कुकी जातेही आणि येतेही, तरी टोकन बदलतं, मग सेशन साठवण्यातच घोळ आहे. सेशन_ड्रायव्हर ॲरे आहे का बघा, टेस्टिंगच्या ईएनव्हीमधून उचललेला असतो, ॲरे म्हणजे रिक्वेस्ट संपली की सेशन संपलं. ड्रायव्हर कुकी असेल आणि तुम्ही सेशनमध्ये अख्खी कार्ट कोंबत असाल तर चार केबीच्या पुढची कुकी ब्राउझर घेत नाही. कंट्रोलरमध्ये डीडी() किंवा एक्झिट आहे का बघा, सेशन सेव्ह होतं ते कंट्रोलरचं काम उरकून रिस्पॉन्स मिडलवेअरमधून परत जाताना, मध्येच एक्झिट मारलं की त्या रिक्वेस्टमध्ये सेशनला जे जे लिहिलं ते हवेत. जुन्या कोडमध्ये रिडायरेक्ट सेंड करून खाली एक्झिट लिहायची पद्धत दिसते, ती आधी काढा, रिडायरेक्ट रिटर्न करायचा असतो.

लोड बॅलन्सरच्या मागे दोन सर्व्हर आहेत आणि सेशन फाईलमध्ये आहे, तर पान एका सर्व्हरने दिलं आणि पोस्ट दुसऱ्याकडे गेली की ४१९. हा कधी येतो कधी येत नाही असा असतो, तेवढ्यावरूनच ओळखायचा. सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) न्या, आणि दोन्ही सर्व्हरवर ॲप_की एकच आहे ना ते बघा.

परमिशनचं काय, तर सेशनच्या फोल्डरवर लिहिता येत नसेल तर लारावेल ४१९ देत नाही, सरळ ५०० देतं आणि लॉगमध्ये परमिशन डिनाईड येतं. त्यामुळे ४१९ साठी स्टोरेजला ७७७ देणं म्हणजे नुसतंच दार उघडं टाकणं. देऊ नका.

प्रत्येक डिप्लॉयनंतरच येतो

हे वेगळं काढलं कारण "परत परत" ह्या तक्रारीत सगळ्यात मोठा वाटा ह्याचा असतो आणि कोड बघून ते कळत नाही, डिप्लॉयची स्क्रिप्ट उघडायला लागते.

एक, स्क्रिप्टमध्ये की:जनरेट आहे. कोणीतरी पहिल्या सेटअपच्या कमांड जशाच्या तशा डिप्लॉयमध्ये चिकटवलेल्या असतात. दर डिप्लॉयला नवीन ॲप_की, म्हणजे जगातल्या सगळ्या जुन्या कुकी कचरा, आणि एनक्रिप्ट करून डेटाबेसमध्ये ठेवलेलं जे काही असेल तेही वाचता येणार नाही, ४१९ त्यामानाने किरकोळ. की खरंच बदलायची असेल तर लारावेल ११ पासून ॲप_प्रीव्हियस_कीज आहे, जुनी की तिथे ठेवली की जुन्या कुकी उलगडत राहतात.

दोन, दर रिलीजला नवीन फोल्डर बनतो आणि स्टोरेज फोल्डर सिमलिंक केलेला नाही. सेशनच्या फाईली जुन्या रिलीजमध्येच राहिल्या, नव्यात पाटी कोरी.

तीन, कॅशे:क्लिअर आणि रेडिस. रेडिसवर हा कमांड आपल्या प्रीफिक्सच्या चाव्या शोधून पुसत बसत नाही, तो त्या नंबरचा अख्खा डेटाबेस रिकामा करतो. लारावेलच्या मूळ कॉन्फिगमध्ये कॅशे १ नंबरला आणि बाकी ० नंबरला असतं म्हणून सेशन बचावतं, पण कोणी "एकच पुरे" म्हणून दोन्ही एकाच नंबरवर ठेवलं असेल तर कॅशेबरोबर सगळ्यांची सेशनही गेली. लोक फॉर्म भरत असताना तुम्ही डिप्लॉय केलं की भरणाऱ्या सगळ्यांना एकदम ४१९. रेडिसची मेमरी भरल्यावर जुन्या चाव्या आपोआप टाकून द्यायची पॉलिसी लावली असेल तरी असंच होतं, फक्त डिप्लॉयशिवाय, गर्दीच्या वेळी, एकेकाला.

टोकन टिकतंय, पण सबमिटला ४१९

@सीएसआरएफ राहिलंय का हे बघाच, लाज कसली. ते ५.६ पासून आहे, २०१८ पासून, त्याआधीच्या प्रोजेक्टमध्ये सीएसआरएफ_फील्ड() दोन महिरपी कंसांत दिसेल, दोन्ही चालतात.

पोस्टमनवरून एपीआय टेस्ट करताना येत असेल तर तुमचा राउट वेब.पीएचपीमध्ये आहे, आणि तिथल्या राउटला सीएसआरएफची तपासणी लागते. लारावेल ११ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये एपीआय.पीएचपी फाईलच येत नाही, त्यामुळे नवीन शिकणारी पोरं सगळं वेब.पीएचपीमध्येच लिहितात आणि इथे अडकतात. पीएचपी आर्टिसन इन्स्टॉल:एपीआय चालवा, फाईल येईल, एपीआयचे राउट तिकडे हलवा.

जावास्क्रिप्टवाल्यांचा गोंधळ हेडरच्या नावात असतो. एक्स-सीएसआरएफ-टोकन आणि एक्स-एक्सएसआरएफ-टोकन ही दोन वेगळी हेडर आहेत, दिसायला जुळी, आत वेगळी. पहिल्यात साधं टोकन जातं, मेटा टॅगमध्ये ठेवतो ते. दुसऱ्यात एक्सएसआरएफ-टोकन कुकीतली एनक्रिप्टेड व्हॅल्यू जाते आणि लारावेल ती उलगडून बघतं. कुकीतली व्हॅल्यू पहिल्या हेडरमध्ये टाकली की ४१९, साधं टोकन दुसऱ्यात टाकलं की तेही ४१९. फेच वापरून कुकी स्वतः वाचत असाल तर तिच्या शेवटी टक्का-तीन-डी दिसेल, ती युआरएल एनकोड झालेली असते, डीकोड करून पाठवा. ॲक्सिओस हे सगळं स्वतः करतो, पण फक्त त्याच ओरिजिनला, फ्रंटएंड एका सबडोमेनवर आणि लारावेल दुसऱ्यावर असेल तर १.६ नंतरच्या ॲक्सिओसला विथएक्सएसआरएफटोकन ट्रू आणि विथक्रेडेन्शियल्स ट्रू दोन्ही सांगायला लागतं. जुन्या आवृत्तीवर चालणारं पॅकेज अपडेट केल्यावर अचानक बंद पडतं ते ह्यामुळेच.

एक कारण मात्र असं आहे की ते माहीत नसेल तर डोकं फुटतं. शाळेच्या निकालाचं सॉफ्टवेअर घ्या, एका वर्गात ६० पोरं, ६ विषय, प्रत्येक विषयाला लेखी, तोंडी, प्रकल्प असे ३ रकाने. एका पानावर १०८० इनपुट झाले. पीएचपीचं मॅक्स_इनपुट_व्हार्स डिफॉल्ट १०००, त्याच्या पुढची सगळी इनपुट पीएचपी कापून टाकतं आणि एक वॉर्निंग देतं, जी लाईव्हला कोणाला दिसत नाही. @सीएसआरएफ फॉर्मच्या तळाशी लिहिलं असेल तर टोकनच कापलं जातं आणि ४१९ येतो. गंमत म्हणजे हा शिक्षक सांगतात तेव्हा खरा वाटत नाही, "पाचवी अ चे गुण भरले की येतं, पाचवी ब चे भरले की येत नाही," कारण ब मध्ये पोरं कमी. आता @सीएसआरएफ वर हलवलं की ४१९ जाईल, पण थांबा, ते त्याच्याहून वाईट आहे, कारण मग फॉर्म सेव्ह होतो आणि शेवटच्या चार-पाच पोरांचे गुण गपचूप गायब. इथे ४१९ ने उपकारच केले म्हणायचे. आयएनआयमध्ये लिमिट वाढवा, त्याहून बरं म्हणजे एका वेळी एका विषयाचे गुण घ्या.

फॉर्मच्या ॲक्शनमध्ये हाताने पूर्ण युआरएल लिहिलेली असेल तर तीही बघा. पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडलंय आणि पोस्ट त्याशिवायच्या डोमेनला जातेय, कुकी तिकडे जाणार नाही. राउट() वापरा, युआरएल हाताने लिहू नका. तिथून एचटीटीपी ते एचटीटीपीएस रिडायरेक्ट होत असेल तर पोस्टची गेट होते आणि ४१९ ऐवजी ४०५ येतो, तो वेगळा पाहुणा पण घर तेच.

इनकॉग्निटोमध्येही तेच टोकन

सीडीएन (पानं साठवून जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) किंवा होस्टिंगच्या कॅशे प्लगइनने अख्खं एचटीएमएल साठवलंय आणि पहिल्या माणसाचं टोकन सगळ्यांना वाटतंय. लॉगिन, संपर्क, चेकआउट, जिथे जिथे फॉर्म आहे ती पानं कॅशेतून वगळा. फूटरमध्ये वर्गणीचा छोटा फॉर्म असेल तर प्रत्येकच पानावर फॉर्म आहे हे विसरू नका, तिथे टोकन पान आल्यावर जावास्क्रिप्टने वेगळं मागवायचं.

पेमेंट करून परत आल्यावर

हे सविस्तर लिहितो कारण ह्याचं चुकीचं उत्तर सगळीकडे पसरलंय. देवगडच्या हापूसचं बुकिंग घेणाऱ्या एका साईटवर हे मी जवळून पाहिलं. ऐन एप्रिलमधली गर्दी, गिऱ्हाईक पेटी निवडतो, गेटवेवर जाऊन पैसे भरतो, परत येतो आणि समोर ४१९. पैसे खात्यातून गेलेले, ऑर्डर दिसत नाही, बागायतदाराचा फोन थांबत नाही.

होतं असं की बरेच गेटवे पेमेंटनंतर ब्राउझरला पोस्टने परत पाठवतात. त्या फॉर्ममध्ये आपलं टोकन नसणारच, तो गेटवेचा फॉर्म. मग सगळे सांगतात तसं तो राउट एक्सेप्ट लिस्टमध्ये टाकला. ४१९ गेला आणि नवी तक्रार आली, पेमेंट करून आलं की लॉगआउट होतंय. कारण सेशनच्या कुकीवर सेमसाईट लॅक्स असतं, आणि लॅक्स कुकी दुसऱ्या साईटवरून येणाऱ्या पोस्टबरोबर जात नाही. क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून, ८० आवृत्तीपासून, सेमसाईट न लिहिलेल्या कुकींनासुद्धा लॅक्सच धरायला सुरुवात केली. आता कुकीशिवाय रिक्वेस्ट आली की लारावेलला वाटतं नवा माणूस आला, ते नवीन सेशन बनवतं आणि त्याची कुकी जुन्या चांगल्या कुकीच्या वर चढवतं. गिऱ्हाईक लॉगआउट.

ह्याच्यावर सेमसाईट नन करा असं सांगणारे भेटतील. चालतं ते, पण एका राउटसाठी अख्ख्या साईटची कुकी सैल करायची, मला पटत नाही. बरोबर रस्ता असा की तो परतीचा राउट वेब मिडलवेअर ग्रुपच्या बाहेर ठेवायचा, म्हणजे तिथे सेशन सुरूच होत नाही आणि कुकीला धक्का लागत नाही. त्यात गेटवेने पाठवलेली सही तपासायची, हॅश_इक्वल्स() ने, साध्या बरोबरच्या चिन्हाने नाही. ऑर्डर सेशनमधून न शोधता गेटवेकडून आलेल्या ऑर्डर नंबरवरून शोधायची. आणि मग ऑर्डरच्या पानावर रिडायरेक्ट. ती पुढची रिक्वेस्ट गेट असते, गेटबरोबर लॅक्स कुकी जाते, गिऱ्हाईक लॉगिनच असतो. पैसे आले की नाही हे मात्र ह्या परतीच्या पानावर ठरवू नका, माणूस मध्येच ब्राउझर बंद करतो, रेंज जाते, त्यासाठी गेटवेचा सर्व्हर ते सर्व्हर वेबहुक घ्या, तोही वेब ग्रुपच्या बाहेर.

एक्सेप्ट लिस्ट उघडून बघा आणि तिथल्या प्रत्येक ओळीला विचारा की तू इथे सही तपासतेस का. तपासत नसेल तर कुठल्याही परक्या साईटवरचा लपवलेला फॉर्म तुमच्या लॉगिन असलेल्या युजरच्या नावाने तिथे पोस्ट मारू शकतो, आणि सीएसआरएफ हे थांबवायलाच तर होतं. स्टार टाकून अख्खं ॲडमिन मोकळं सोडलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत.

खरंच एक्स्पायर झालं असेल तर

हे सगळं निस्तरल्यावर जो उरतो तो खरा ४१९. सेशन_लाईफटाईम डिफॉल्ट १२० मिनिटं, माणूस फॉर्म अर्धा भरून जेवायला गेला, आला आणि सबमिट केलं. किंवा दोन टॅब उघडे होते, एकात लॉगिन केलं, लॉगिनला सेशन रीजनरेट होतं आणि त्याबरोबर टोकनही, दुसऱ्या टॅबमधलं शिळं झालं. हे वागणं बरोबर आहे, फक्त त्या कोऱ्या पानाने माणूस घाबरतो आणि त्याचं टाईप केलेलं जातं.

लारावेल ११ आणि पुढे बूटस्ट्रॅपमधल्या ॲप.पीएचपीत विथएक्सेप्शन्सच्या आत रिस्पॉन्ड आहे, तिथे स्टेटस ४१९ असेल तर बॅक() करून पाठवा, विथइनपुटने पासवर्ड आणि _टोकन सोडून बाकी सगळं परत द्या, आणि वर मराठीत एक ओळ, "बराच वेळ झाल्यामुळे पान जुनं झालं होतं, माहिती तपासून परत सबमिट करा." जुन्या आवृत्तीत हेच हँडलरच्या रेंडरमध्ये. ब्लेडच्या इनपुटमध्ये ओल्ड() लिहिलेलं पाहिजे, नाहीतर परत दिलेलं दिसणार नाही. फाईल अपलोड मात्र परत येत नाही, ती निवडायला सांगायलाच लागेल. लाईफटाईम वाढवून महिनाभर करायचा मोह होतो, पण सायबर कॅफे किंवा ऑफिसच्या सामाईक मशीनवर वापरली जाणारी साईट असेल तर नको. लांब फॉर्मच्या पानावर दर काही मिनिटांनी एक छोटी गेट रिक्वेस्ट मारत राहिलं तरी सेशन जागं राहतं.

आणि हे सगळं टेस्ट लिहून पकडू म्हणाल तर लक्षात ठेवा, युनिट टेस्ट चालू असताना लारावेल सीएसआरएफ तपासतच नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या आणि लाईव्हला ४१९ हे सहज होऊ शकतं. त्यामुळे डिप्लॉयनंतर खऱ्या ब्राउझरमध्ये एक फॉर्म हाताने सबमिट करून बघायचा, आणि अडलंच तर विचारताना ह्या गोष्टी लिहा: रिफ्रेशला टोकन बदलतं की नाही, सेशन_ड्रायव्हर कुठला, पुढे प्रॉक्सी किंवा सीडीएन आहे का, आणि येतो तो सगळ्यांना की एखाद्यालाच.